दादा पीत नव्हते

मागच्या वर्षी एमआरआयचा रिपोर्ट हातात आला, लहान मेंदू आकसलाय असं त्यात लिहिलेलं, वय ४६, आणि माझ्या मनात पहिलं हेच आलं की आता मी सगळं विसरणार, लेकीचं नावसुद्धा. पण लहान मेंदूचं काम वेगळं. तो डोक्यात मागे खालच्या बाजूला असतो आणि तोल, हाताचा नेमकेपणा, बोलण्याची लय सांभाळतो. मला भाचरांचे वाढदिवस सगळे पाठ आहेत, पण रांगोळीची रेघ ठिपक्यावर थांबत नाही, पुढे निघून जाते. चहा कपात ओतायचं काम आता लेक करते.

डॉक्टरांनी टाचेला पाऊल जोडून चालायला सांगितलं, तिसऱ्याच पावलाला मी भिंत धरली. मग बी-१२, थायरॉइड सगळं तपासलं, फिटच्या गोळ्या घेता का, दारू घेता का विचारलं, कारण त्यानेही असं होतं. शेवटी म्हणाल्या, घरात अजून कुणाला होतं?

आणि मला दादा, माझे वडील, दिसले. कराडजवळचं आमचं गाव, दादा माळकरी, चाळिशीनंतर चालताना झोकांड्या जायला लागल्या, जीभ जड झाली. गावानं ठरवूनच टाकलं, पितो म्हणून. आई रात्री तोंडाचा वास घ्यायची, वास यायचा नाही तरी म्हणायची लपवताय. दादा गळ्यातली माळ हातात धरून शपथ घ्यायचे. मीसुद्धा त्यांना शाळेत येऊ नका म्हणाले होते, सहावीत असताना. ते परत आले नाहीत कधी.

जीन टेस्टमध्ये एससीए टाइप २ निघालं, म्हणजे लहान मेंदू हळूहळू झिजवणारा, आईवडिलांकडून मुलांत येणारा आजार. एका जीनमध्ये सीएजी ही तीन अक्षरं पुन्हापुन्हा येतात, बहुतेकांत २२ वेळा, माझ्यात ३७. आईच्या माहेरी कुणालाच असलं काही नव्हतं, म्हणजे हे दादांकडूनच आलं. आईला सांगितलं तर ती बराच वेळ गप्प बसली, मग एवढंच म्हणाली, "मग ते खरं बोलत होते गं."

यावर बरं करणारं औषध नाही. रोज फिजिओ करते, फरशीच्या रेघेवरून चालते, त्याने पडणं खरंच कमी झालंय.

लेक १९ ची आहे. तिच्यात असण्याची शक्यता निम्मी. टेस्ट करायची की नाही हे तिचं तिने ठरवायचं, मी विचारत नाही. परवा मात्र तिने दादांचा फोटो मागून घेतला, स्वतःच्या टेबलावर ठेवलाय.