भाडं कमी, पण शिल्लक कुठे?

कोल्हापुरात भाड्याचं घर बघायला गेलं की पहिला प्रश्न, "पुराचं पाणी येतंय काय हो इथं?" भाडं नंतर. २०१९ आणि २०२१ पाहिलेल्याला याचं कारण सांगावं लागत नाही. पंचगंगेच्या पूररेषेतल्या जागा वजा करा. १९७२ ला महापालिका झाली, त्यानंतर कितीतरी दशकं हद्द जागची हलली नाही. मग राजारामपुरीसारख्या उंच, कोरड्या भागात भाव चढणार नाहीत तर काय!

शिवाजी पेठेतलं सासरचं घर तिघा भावांत वाटलं, तेव्हा आमच्याकडे सोपा, म्हणजे पुढची पडवी, आणि एक खोली आली. ती भावजींना वापरायला देऊन आम्ही हद्दीबाहेरच्या पाचगावात भाड्यानं आलो. शहरात वन बीएचकेला दहा हजार सांगत होते, इथे सहा. सगळे म्हणाले, चार हजार वाचले की!

मी शाहूपुरीत एका ऑफिसात हिशेब लिहिते, त्यामुळे घरचाही लिहिला. पेठेतून मी चालत कामावर जायचे. इथून जायला दुसरी गाडी घ्यावी लागली, तिचा हप्ता अडीच हजारांच्या आसपास. वर माझं पेट्रोल. ह्यांना शिरोली एमआयडीसीत तसंही जावंच लागतं, पण आता अंतर वाढलं. उन्हाळ्यात टँकरची वर्गणी. चार हजारांतलं उरतं ते भाजीला पुरतं.

केएमटी, म्हणजे महापालिकेची बस, आहे, नाही असं नाही. पण ह्यांची सेकंड शिफ्ट सुटते त्या वेळेला ती नसते, आणि सकाळी माझ्या वेळेची चुकली की पुढचीची खात्री नाही.

विकत घ्यायचं म्हटलं तर परवडतात ते गुंठ्याचे प्लॉट, आणि बिगरशेती नसेल तर बँक दारात उभं करत नाही. मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटरच्या वरच्या प्रकल्पात २० टक्के घरं कमी उत्पन्नवाल्यांसाठी ठेवावी लागतात. पण हा नियम १० लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांना. आमची २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाख. म्हणजे पुण्याला आहे, नाशिकला आहे, आम्ही गर्दी वाढायची वाट बघायची! ही अट खाली आणायला काय हरकत आहे?

आसपासची गावं महापालिकेत घ्यायच्या हद्दवाढीवर तर घराघरात भांडण. गाववाले म्हणतात घरफाळा वाढेल, शहरवाले म्हणतात निधी येईल. माझं मत कुणी विचारलं तर आधी बस द्या, हद्द मग कुठेही आखा. शिरोलीहून रात्री आणि पाचगावातून सकाळी नेमानं बस मिळाली तर मी ही गाडी उद्या विकेन.

आता करार संपतोय. मालक दहा टक्के वाढ मागतायत, नोंदणीचा खर्चही आमच्यावर. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. हद्दीबाहेर राहण्याचा एवढा फायदा मात्र रोख आहे.