बाप झाल्यावर मी डॉक्टरकडे गेलो, त्याची गोष्ट

मुलगी होण्याआधी मी तयारी केली ती फक्त रजेची. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते. ती प्रसूतीच्या आधीच्या 15 दिवसांत किंवा नंतरच्या 6 महिन्यांत घेता येते. खासगी कंपन्यांवर ती देण्याचं बंधन नाही. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने आईची रजा 26 आठवड्यांची झाली, पण बापाबद्दल त्या कायद्यात काही नव्हतं. हिंजवडीतल्या आमच्या कंपनीने आठवडाभर दिली, तीही सलग घ्यायची. तो आठवडा हॉस्पिटलचं बिल, डिस्चार्जचे कागद आणि जन्मनोंदणीतच संपला.

घरी सासूबाई आल्या होत्या. शेकशेगडी, मालिशवाल्या मावशी, अळिवाची खीर, सगळं त्यांच्या देखरेखीखाली. मी खोलीत डोकावलो की, "जावईबापू, तुम्ही आपलं काम बघा, इथलं आम्ही बघतो." मग मी काम बघायला लागलो, इतकं की रात्रीचा प्रॉडक्शन सपोर्ट, म्हणजे चालू सॉफ्टवेअर सांभाळायचं काम, मागून घेतलं. कर्वेनगरपासून हिंजवडीपर्यंतचा ट्रॅफिकही घरापेक्षा बरा वाटायचा. रडू वगैरे कधी आलं नाही. राग यायचा. पोटात सतत गोळा, बाळ झोपलेलं असतानाही डोळे टक्क उघडे.

दूध नासलं म्हणून मी एकदा एवढा ओरडलो की शेजारच्या काकू दार उघडून बघायला आल्या. त्या रात्री बायको म्हणाली, "अरे, एका पिशवीसाठी एवढं? कोणाला तरी दाखव." पित्त वाढलंय, असं म्हणून मी महिनाभर टाळलं.

सुरुवात कंपनीच्या समुपदेशन सेवेपासून केली, कारण ती फुकट होती. एचआरला कळेल ही धास्ती होती. फोनवर त्यांनी आधीच सांगितलं की कोणी फोन केला हे कंपनीला कळवलं जात नाही. समुपदेशक बाईंनी बाळाबद्दल विचारलं, तेव्हा मी मोबाइल काढून एक्सेल शीट उघडली. दूध किती वाजता, किती वेळ, शी किती, शू किती, सगळे रकाने भरलेले. त्यांनी शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "दिसते कशी ती?" मला सांगताच येईना. नाक आईसारखं आहे, असं काहीतरी बोललो, तेही सासूबाईंचं वाक्य होतं.

समुपदेशक औषध लिहून देत नाहीत. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सांगितलं. शनिवारची वेळ मिळाली. तिथे आधी एक फॉर्म भरायचा होता: 9 प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत असं किती वेळा वाटलं, प्रत्येकाला 0 ते 3 गुण. शेवटचा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दलचा. माझं तिथे शून्य होतं. पण कोणाचं शून्य नसेल तर त्याने शनिवारची वाट बघत बसू नये. टेली-मानसचा 14416 हा नंबर 24 तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

डॉक्टरांनी थायरॉइड आणि बी-12 तपासून घेतलं, बी-12 कमी निघालं. मग म्हणाले, "डिप्रेशन आहे. बाळंतपणानंतर फक्त बाईलाच होतं असं नाही." वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून 2010 मध्ये अंदाज निघाला होता की साधारण 10 टक्के बापांना या काळात नैराश्य येतं आणि बाळ 3 ते 6 महिन्यांचं असताना प्रमाण सर्वांत जास्त असतं. पुरुषांत ते बऱ्याचदा चिडचिड आणि अति काम अशा वेशात येतं. मी दोन्ही वेश घालून समोर बसलो होतो.

गोळी सुरू झाली. सुरुवातीला मळमळ, फरक काहीच नाही. असर दिसायला काही आठवडे लागतात आणि मनानेच बंद करायची नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं. खर्च खिशातून गेला. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विम्यात मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच धरावं लागतं, पण आमच्या ग्रुप पॉलिसीत ओपीडीच नाही. मनाची नाही आणि तापाचीही नाही. एवढी समानता मात्र आहे!

मॅनेजरशी बोलणं सगळ्यात अवघड गेलं. डॉक्टरांनी पत्रात आजाराचं नाव न घालता रात्रपाळी टाळण्याचा सल्ला लिहून दिला. मॅनेजरने तो कागद दोनदा वाचला. "ठीक आहे," म्हणाला, मग जरा थांबून, "माझ्या वेळी मी तर दिल्लीतच होतो, प्रोजेक्टवर." त्याने रात्रीचा सपोर्ट काढून घेतला. पुढच्या अप्रेझलमध्ये 'उपलब्धता कमी' असा शेरा आला, तो मी अजून विसरलेलो नाही.

समुपदेशक बाईंनी सांगितलं होतं, बाळाचं एक काम पूर्ण तुमचं करा, मदतनीस म्हणून नको. मालिशवाल्या मावशी यायच्या बंद झाल्या, तेव्हा मी बाळाची आंघोळ माझ्याकडे घेतली. सासूबाईंनी शिकवलं: पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, बाळाला नडग्यांवर पालथं घ्यायचं, मान एका बाजूला. "पाणी हाताने नका बघू, कोपराने बघा." सुरुवातीला माझी कंबर मोडायची आणि ती किंचाळायची. हळूहळू कळलं की पाठीवर पाणी पडलं की ती गप्प होते आणि तोंडावर आलं की चिडते. एक्सेल कधी बंद झालं, मला आठवत नाही.

कॅलेंडरवर सकाळचा पाऊण तास 'आंघोळ' नावाने अडवून ठेवलाय. स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, त्यानंतर असते. टीममध्ये नवीन आलेल्या मुलाने विचारलं, हे कुठलं मॉड्यूल? मुलीला गोवराची लस देऊन झाली, म्हणजे नऊ महिने उलटले. गोळी अजून चालू आहे. डोस कमी करायचा का, ते डॉक्टर पुढच्या खेपेला बघणार आहेत.