अण्णांच्या खिशातल्या वह्या

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत इस्त्री करणाऱ्या मावशींच्या १९ वर्षांच्या मुलाला पोलिसांनी रात्री साडेअकराला उचललं. मोबाईलचोरीचा संशय. मावशी रडतच आमच्या दारात आल्या, कारण आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, निवृत्त हवालदार. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून मी गेले. ठाणे अंमलदारांनी मान वर न करताच सांगितलं, "असं कुणाला आणलेलं नाही." आतल्या खोलीतून कुणीतरी खोकलं. मावशींनी माझा हात घट्ट धरला. आईला खोकला ओळखू येतो.

मी म्हणाले, "साहेब, मग स्टेशन डायरीत तेवढं लिहा. या बाई मुलाची चौकशी करायला आल्या आणि तो इथे नाही, असं." त्यांनी पेन काही उचललं नाही.

सकाळी सहाला मुलगा सुटला. उजवा कान सुजून लाल. नोटीस नाही, अटक नाही, नोंद नाही. त्याला मी तसंच सरकारी दवाखान्यात नेलं. त्या रात्रीचा आमच्याकडचा एकमेव कागद म्हणजे तिथला केसपेपर.

मी पोलीस लाईनीत वाढलेय. दोन खोल्यांचं घर, दिवाळीला हमखास बंदोबस्तावर असलेले वडील, गणपतीत चार-चार दिवस न दिसणारे वडील. त्यामुळे पोलीस म्हणजे सगळे वाईट, असं मला कधी म्हणता येणार नाही. त्या टेबलापलीकडे मी आयुष्यात पहिल्यांदा उभी होते, आणि मला फार लाज वाटली.

माहिती अधिकारात त्या रात्रीचं सीसीटीव्ही चित्रण मागितलं. उत्तर आलं: 'तांत्रिक बिघाडामुळे सदर कालावधीचे चित्रण उपलब्ध नाही.' एक ओळ. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी खटल्यात सांगितलंय की प्रत्येक ठाण्यात, कोठडीपासून व्हरांड्यापर्यंत, आवाजासकट कॅमेरे हवेत. चित्रण १८ महिने जपायचं, तेवढं शक्य नसेल तर किमान वर्षभर. आणि कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणे प्रमुखाची. बिघाड झाला तर तो वर कळवायचा. मग कळवला कधी? मी तोच प्रश्न अपिलात विचारलाय.

ते उत्तर मी अण्णांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कपाटातला पत्र्याचा डबा काढ."

डब्यात खिशात मावतील एवढ्या वह्या होत्या. काहींना घामाने पिवळे डाग पडलेले. प्रत्येक पानावर तारीख, ड्यूटी कुठे, किती वाजता लागली, किती वाजता सुटली, आणि उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात: 'तोंडी आदेश, पो. नि. साहेब.' पो. नि. म्हणजे पोलीस निरीक्षक. असे कितीतरी तोंडी आदेश.

१९९३ साली एका माणसाला नोंद न करता रात्रभर बसवून ठेवलं होतं. साहेब म्हणाले होते, "डायरीत घेऊ नको, सकाळी बघू." तो माणूस पुढे कोर्टात गेला, चौकशी लागली आणि साहेबांनी साफ हात वर केले. विभागीय चौकशी झाली ती अण्णांची. एक वेतनवाढ गेली. आईला त्यांनी कारण कधीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून वही सुरू केली, ती निवृत्तीपर्यंत.

"त्या माणसाला तुम्ही मारलं होतं का?" मी विचारलं. विचारावंच लागलं.

"मी दार बाहेरून लावून घेतलं होतं," अण्णा म्हणाले.

तेव्हापासून पोलीस सुधारणा हा शब्द ऐकला की मला त्या वह्या आठवतात. आदेश देणाऱ्याचं नाव कागदावर येत नाही आणि पाळणाऱ्याचा बक्कल नंबर, म्हणजे शिपायाचा ओळख क्रमांक, येतो, हे माझ्या मते सगळ्याच्या मुळाशी आहे. वरून फोन येतो, फोनची नोंद नसते. नाही म्हणणाऱ्याची बदली होते किंवा तो मुख्यालयात जमा होतो. १९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगानेही हेच लिहून ठेवलं होतं, की बदली आणि निलंबनाची भीती हेच राजकारण्यांच्या हातातलं सर्वांत मोठं हत्यार. अहवाल पडून राहिले. शेवटी १९९६ साली प्रकाश सिंह पोलीस सुधारणांसाठी सर्वोच्च न्यायालयात गेले. ते स्वतः उत्तर प्रदेशचे पोलीस महासंचालक होते! निकाल लागायला दहा वर्षं गेली. २२ सप्टेंबर २००६ चा तो निकाल: ठाणे प्रमुखापासून महासंचालकापर्यंत किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, तपास आणि बंदोबस्त वेगळे, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ, आणि लोकांच्या तक्रारींसाठी राज्य व जिल्हा पातळीवर स्वतंत्र प्राधिकरण, ज्याच्या शिफारशी बंधनकारक असतील.

आपल्याकडे महाराष्ट्रात पोलीस कायद्यात दुरुस्ती झाली ती २०१४ मध्ये. त्यात दोन वर्षांचा कार्यकाळ आला, पण लोकहित आणि प्रशासकीय निकड सांगून मुदतीआधी बदली करायची वाटही ठेवली. आणि तक्रारींसाठीचं जिल्ह्याचं प्राधिकरण अनेक जिल्ह्यांच्या मिळून असलेल्या विभागाच्या ठिकाणी गेलं. दिवसाला मोजून कपडे इस्त्री करणाऱ्या बाईला एका खेपेसाठी पूर्ण दिवसाची कमाई सोडावी लागते. असं प्राधिकरण आहे हे तरी तिला कोण सांगणार? ठाण्याच्या भिंतीवर त्याचा पत्ता मला दिसला नाही.

एक चांगली गोष्टही सांगायला हवी. २०१६ साली मुंबईत देवनार ठाण्यापासून आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. अण्णांच्या वह्यांत सलग २२ तासांच्या ड्यूट्या आहेत. इतका वेळ न झोपलेल्या माणसाच्या हातात दुसऱ्याचं पोर देऊ नये, हे मला त्यांची मुलगी म्हणून कळतं.

परवा मावशींच्या नावाने प्राधिकरणाकडे तक्रार लिहिली. सोबत केसपेपरची प्रत, माहिती अधिकारातलं उत्तर. अण्णा शेजारी बसून एकेक शब्द तपासत होते. शेवटी त्यांनी एक मागणी वाढवायला लावली: 'त्या रात्री ठाण्यात हजर असलेल्या कर्मचाऱ्यांना आदेश कोणी दिला, त्या अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा लेखी कळवावा.'

"शिपायाला एकट्याला सोडू नका," म्हणाले, आणि मावशींना सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.