तहांचे नकाशे १८०२–१८१९: सातपैकी चार ताव पुरे

मंडळी, पावसाळ्यात बैठक जमली आणि मराठे व इंग्रज यांच्यातल्या सात तहांच्या नकाशांचं काम (एका तहाला एक ताव) बरंच पुढे सरकलं. वसई, देवगाव, सुर्जी-अंजनगाव आणि सातारा हे चार ताव आता छापायला देता येतील. राजघाट (१८०५) आणि मंदसोर (१८१८) यांचे नुसते पायाभूत थर तयार आहेत. पुण्याचा तह (१३ जून १८१७) अर्ध्यावर आहे, त्याचं शेवटी सांगते.

आधी मोठा बदल. वसईचा ताव मी पूर्ण मोडून नव्याने केला. पहिल्या आवृत्तीत दुसऱ्या बाजीराव पेशव्याने इंग्रजांना तोडून दिलेला मुलूख लाल रंगाने सलग भरला होता. दिसायला छान होता, पण ३१ डिसेंबर १८०२ च्या तहाची कलमं परत वाचली आणि तो लाल रंग खोटा वाटायला लागला. तहाची सुरुवात जमिनीपासून होतच नाही, रकमेपासून होते. पेशव्याने निदान सहा हजार पायदळाची तैनाती फौज ठेवायची, तिच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाख रुपये वसुलाचा मुलूख द्यायचा, आणि मग ते २६ लाख भरतील असे महाल (वसुलाचे विभाग) गुजरातेत, सुरतेच्या आसपास, खाली सावनूर-बंकापुरात शोधायचे. आकडा आधी, गावं मागाहून. म्हणूनच वर्षभरात, १८०३ च्या पुरवणी करारात, सावनूर-बंकापूर परत देऊन त्याऐवजी बुंदेलखंड घेता आलं. सीमा बदलली असं म्हणण्यापेक्षा खातं फिरवलं म्हणावं. आणि बुंदेलखंडात पेशव्याचा अंमल बराचसा नावापुरता होता. तिथे मस्तानीचा नातू अलीबहादर याने बस्तान बसवलेलं, त्याच्यामागे मुलगा समशेरबहादर. प्रत्यक्षात ताबा मिळवायला इंग्रजांना तिथे फौजच न्यावी लागली.

तेव्हा नवी पद्धत अशी ठरवली: महाल तिथे वर्तुळ, वर्तुळाचा आकार वसुलाच्या आकड्यावर, मध्ये सलग रंग नाही. जिथे तहातच नदी किंवा डोंगर सीमा म्हणून सांगितला आहे तिथेच रेघ. कागदावर दिलेला पण ताब्यात नसलेला मुलूख तुटक वर्तुळाने. दुअंमली, म्हणजे दोन सत्तांचा अंमल असलेल्या गावांना दोन रंगांचं अर्धं-अर्धं वर्तुळ. हा नियम लावल्यापासून चारही ताव माझ्याशी बोलायला लागले, असं मनापासून वाटतं.

देवगावचा ताव (१७ डिसेंबर १८०३, म्हणजे गाविलगड पडल्यावर दोनच दिवसांनी) सोपा वाटला होता. रघूजी भोसल्यांनी कटक सोडलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला. नदी म्हणजे रेघ, झालं काम! पण नद्यांचा जो आजचा थर मी क्यूजीआयएस या नकाशाच्या संगणक-प्रणालीत उघडला होता तो अप्पर वर्धा धरणाच्या फुगवट्यातून जातो. १८०३ साली तिथे तो जलाशय नव्हता. तेवढा तुकडा कापला आणि धरणापूर्वीच्या सर्वेक्षणाच्या जुन्या तक्त्यावरून पात्र हाताने काढलं. जुना तक्ता आजच्या नकाशावर बसवताना आधी बहुपदी रूपांतर (सगळा तक्ता एकाच सूत्राने ताणणं) वापरलं तर काठाची गावं नदीच्या चुकीच्या बाजूला जात होती. थिन प्लेट स्प्लाइन (प्रत्येक खुणेपाशी वेगळं ताणणारी पद्धत) घेतल्यावर बसला. खुणेचे बिंदू म्हणून नद्यांचे संगम आणि देवळं सर्वांत भरवशाची. रस्त्यांचे फाटे अजिबात घेऊ नका.

नदी बसली तरी ताव सुटला नव्हता. नर्नाळा आणि गाविलगड हे दोन्ही किल्ले वर्धेच्या पश्चिमेला असूनही भोसल्यांकडेच राहिले, आणि लगतचा चार लाख वसुलाचा मुलूखही. भोवतालचा वऱ्हाड निजामाच्या पदरात पडला. सरळ रेघेच्या पलीकडे अशी दोन बेटं. १८२२ मध्ये निजामाशी झालेल्या करारात वर्धा ही खरोखरची सलग सीमा ठरली. आपण शाळेत पाहिलेले नकाशे ती १८२२ ची रेघ १८०३ वर नेऊन ठेवतात.

सुर्जी-अंजनगाव (३० डिसेंबर १८०३) लवकर उरकला. दौलतराव शिंद्यांनी गंगा-यमुनेचा दुआब, भडोच आणि अहमदनगरचा किल्ला सोडला, त्याबरोबर अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेचा मुलूखही. डोंगराची धार उंचीच्या आकड्यांवरून पाणलोट काढून घेतली, गोदावरी एका बाजूला आणि तापी-पूर्णा दुसऱ्या. सुंदर येते, करून बघा. पण या दक्षिणेतही शिंद्यांची वडिलोपार्जित गावं त्यांच्याकडेच राहिली: जामगाव, शेवगाव परगण्याचा अर्धा भाग, इतर परगण्यांत विखुरलेली काही मोजकी गावं. अट एवढीच की तिथे फौज न्यायची नाही. पारनेर तालुक्यातल्या जामगावला मी मुद्दाम जाऊन आले. महादजींचा वाडा अजून उभा आहे. परत आल्यावर नकाशावर तिथे शिंद्यांच्या रंगाचा एक बारीक ठिपका टाकला. या ठिपक्यावर माझा फार जीव आहे.

आता सातारा, ज्यावर सर्वांत जास्त दिवस गेले. ११ फेब्रुवारी १८१८ चा कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याचा जाहीरनामा, २० फेब्रुवारीला आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले, ३ जूनला बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला, आणि २५ सप्टेंबर १८१९ ला साताऱ्याचा तह. सीमा तहातच आहेत: उत्तरेला नीरा आणि भीमा, दक्षिणेला वारणा आणि कृष्णा, पश्चिमेला सह्याद्री, पूर्वेला पंढरपूर-विजापूरचे प्रांत. नीरेवर वीर धरणाने पुन्हा तोच घोळ घातला, तोही वर सांगितल्याप्रमाणेच सोडवला. नीरा नरसिंहपूरच्या संगमापासून पुढे भीमा धरली.

आतला मुलूख मात्र एकरंगी नाही. फलटणचे निंबाळकर, भोरचे पंतसचिव, औंधचे पंतप्रतिनिधी, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले, वाईचे शेख मिरा: यांच्याशी १८२० मध्ये कंपनीच्या हमीने वेगळे करार झाले. औंधचं आटपाडी आणि कुंडल औंधपासून केवढं दूर आहे ते पाहा. पंतसचिवांचा सुधागड तर घाटाखाली कोकणात. त्यांच्या साहोत्र्याचे, म्हणजे चौथाईतल्या शेकडा सहाच्या हक्काचे, पैसे तर आणखीच भलत्या गावांतून यायचे. ते हक्क दाखवायला वर्तुळाभोवती बारीक कडी काढली आहे.

सगळे थर चालू करून ताव पहिल्यांदा पूर्ण पाहिला तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली आणि बराच वेळ मी काही न करता बसून राहिले. छत्रपतींच्या या राज्यात प्रतापगड आहे, रायगड नाही. रायगड १० मे १८१८ ला पडला आणि कोकणाबरोबर कंपनीकडे गेला. पुणे नीरेच्या पलीकडे. समुद्र कुठेच नाही. पेशव्याच्या नावाभोवती लोक गोळा होऊ नयेत म्हणून एल्फिन्स्टनने छत्रपतींची गादी जपली, पण मुलूख असा आखला की गादीला ना बंदर मिळावं, ना जुनी राजधानी. आणि या रेघाही फार टिकल्या नाहीत. १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत केलं, १८४८ मध्ये राज्य खालसा.

यावरून एक आठवा ताव सुचला आहे. नीरेच्या उत्तरेला, पुरंदरच्या पायथ्याशी उमाजी नाईकांचं भिवडी. गडांची राखण गेली, त्याबरोबर रामोश्यांचे हक्क आणि इनामं गेली आणि उमाजी नाईक उठले. ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात त्यांना फाशी दिलं. तहात ज्यांचं नाव कुठेच नाही अशा माणसांचं काय गेलं हे दाखवायचं तर पुरंदर-सासवडच्या गडांपासूनच सुरुवात करावी लागेल. सध्या गडांची यादी करते आहे, प्रत्येकापुढे राखण कोणाची होती ते लिहून.

आता पुण्याचा तह. पेशव्याचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्या पलायनानंतर पेशव्याकडून घेतलेला ३४ लाखांचा मुलूख, त्या वसुलावर पोसायची फौज पाच हजार स्वार आणि तीन हजार पायदळ. उत्तर कोकणातले महाल बसले आहेत, बाकीच्यांची बेरीज अजून ३४ ला पोचत नाही. इंग्रजी यादीतली काही नावं इतकी बिघडलेली आहेत की मोडी कागदातलं मूळ नाव सापडल्याशिवाय वर्तुळ टाकायचं नाही असं ठरवलं आहे. कोणाकडे महालवार जमाबंदीचे कागद वाचलेले असतील तर परगण्याचं नाव आणि सुहूर सन (मराठी दप्तरातलं साल) दोन्ही कळवा. सुहूर सन मृग नक्षत्राला, जूनच्या सुरुवातीला बदलतो, त्यामुळे जूनमधल्या तहाला कुठल्या सालचा आकडा लावायचा यातच माझे मागचे दोन आठवडे गेले.