तुटक रेघ सलग दिसते तेव्हा

मे महिन्यातल्या जळगावच्या दुपारी कुलरच्या घरघरीत ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये घराचा प्लॅन उघडावा आणि ड्रेनेजची डॉटेड लाइन सरळसोट, सलग दिसावी. प्रॉपर्टीज उघडल्या तर लाइनटाइप, म्हणजे रेघेचा प्रकार, ‘हिडन’ (तुटक). म्हणजे कागदोपत्री रेघ तुटक आहे, प्रत्यक्षात नाही. सरकारी योजनांची सवय असलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

अशा वेळी सगळेच एलटीस्केलचा, म्हणजे तुटक नमुना किती पट मोठा करायचा त्याचा, आकडा वाढवत सुटतात. 10, 100, 1000. रेघ सलगच राहते, आणि खरी गंमत इथे आहे. मिलिमीटरमधल्या ‘हिडन’ लाइनटाइपचा एक तुकडा 6.35 मिलिमीटरचा, मधली फट 3.175 ची. घर 12 मीटर लांब, म्हणजे 12,000 मिलिमीटर. एलटीस्केल 1 असेल तर इतके बारीक तुकडे पडतात की स्क्रीनवर एकमेकांना चिकटतात. 1000 केला तर एक तुकडाच सव्वासहा मीटरच्या वर जातो, फट धरून साडेनऊच्या. त्याहून आखूड रेघेत नमुना मावत नाही आणि ऑटोकॅड ती निमूटपणे सलग काढून मोकळं होतं. दोन टोकांच्या दोन चुका, दिसणं मात्र एकच. 1:100 च्या प्लॅनला मॉडेलमध्ये 50 ते 100 च्या मधला आकडा बसतो. त्याहून बरं म्हणजे नमुना प्रमाणाप्रमाणे आपोआप बदलणारे पीएसएलटीस्केल (कागदाच्या लेआउटसाठी) आणि एमएसएलटीस्केल (मॉडेलसाठी) दोन्ही 1, एलटीस्केल 0.5, अॅनोटेशन स्केल, म्हणजे छापायचं प्रमाण, 1:100 आणि मग सगळं पुन्हा काढून घेणारं रीजेनऑल. कागदावर साधारण 3.2 मिलिमीटरचा तुकडा पडतो, डोळ्याला सुखाचा. एवढं करूनही ड्रेनेजची लाइन हट्टाला पेटलीच, तर ती बहुधा छोट्या छोट्या तुकड्यांची पॉलिलाइन, म्हणजे जोडरेघ, असते. प्रत्येक कोपऱ्यावर नमुना नव्याने सुरू होतो आणि कुठेच पुरा होत नाही. प्लाइनजेन (PLINEGEN) 1 करावं, म्हणजे नमुना कोपऱ्यांवर न थांबता पुढे धावतो. आधी काढलेल्या पॉलिलाइनला मात्र प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘लाइनटाइप जनरेशन’ वेगळं चालू करावं लागतं.

हा केवळ हौसेचा मामला नाही. मंजुरीच्या नकाशात रंगांना आणि तुटकपणाला अर्थ असतो. प्रस्तावित काम लाल, ड्रेनेज लाल तुटक, पाडायचं बांधकाम पिवळं हॅच, म्हणजे रेघांची भराई. हे पिवळं काळ्या स्क्रीनवर शेंदरी उन्हात उभं राहिल्यासारखं झळकतं आणि पांढऱ्या कागदावर जवळजवळ नाहीसं होतं. कोणीतरी घाईत मोनोक्रोमची सीटीबी (कुठला रंग कसा छापायचा ते ठरवणारी फाइल) लावतं, मग लाल-पिवळं सगळंच काळं होतं आणि जुनं-नवं कळेनासं होतं. वर्किंग ड्रॉइंगला मोनोक्रोम, सबमिशनला रंगीत, या दोन सीटीबी आणि दोन वेगळे पेज सेटअप ठेवलेले बरे. पिवळ्याला सीटीबीतच थोडा गडद रंग नेमून द्यावा. आणि स्क्रीनवर पांढरा हवा असेल तर 7 नंबरचा रंगच घ्यावा. 7 कागदावर आपोआप काळा होतो. ट्रू कलरमधून 255, 255, 255 निवडला तर रंगीत सीटीबीत प्रिंटर पांढऱ्यावर पांढरं छापतो आणि शाई संपली म्हणून बिचाऱ्या काट्रिजला शिव्या बसतात.

हॅच म्हटलं की धाब्याची जुनी घरं आठवतात. खान्देशात अजून गावोगाव आहेत: जाड मातीच्या भिंती, वर धाबं, पुढे ओटा. अशा घराचं मोजमाप घेऊन प्लॅन काढला की एकही कोपरा काटकोनात येत नाही. भिंतीच्या दोन रेघा जुळल्यासारख्या वाटतात, पण मध्ये दहा-पंधरा मिलिमीटरची फट असते. मग हॅच बंद सीमा सापडत नाही म्हणून अडून बसतं. उघड्या टोकांवर ते लाल वर्तुळं दाखवतं, ती आधी नीट बघावीत. एचपीगॅपटॉल, म्हणजे चालवून घ्यायच्या फटीची मर्यादा, 25 केलं की तेवढी फट हॅच खपवून घेतं. पण शंभर-दोनशे करू नये, नाहीतर मुद्दाम सोडलेली अरुंद फटही बंद समजली जाते. फट नसूनही अडलं तर झेड, म्हणजे रेघेची उंची, तपासावी: एक रेघ शून्यावर आणि दुसरी 450 च्या जोत्यावर असते. वरून बघताना कोण ओळखणार? फ्लॅटन करावं, म्हणजे सगळ्या रेघा एका पातळीवर येतात. आणि प्लॅनमधली सगळीच हॅचं गायब असतील तर बहुधा फिलमोड, म्हणजे भराई दाखवायचं बटण, शून्य झालेला असतो. 1 करून रीजेन करावं.

सर्व्हेवाल्याकडून आलेल्या ड्रॉइंगचं दुखणं निराळं. त्यातले आकडे यूटीएम या जगभरच्या नकाशा-पद्धतीतले असतात. आपला सगळा खान्देश तिच्या 43 व्या पट्ट्यात येतो आणि त्याचं मध्य रेखावृत्त, 75 अंश पूर्व, धुळे आणि जळगावच्या मधून, अमळनेरला जवळपास खेटून जातं. अमळनेरकरांना याचा अभिमान असायला हरकत नाही. पण उत्तरेचा आकडा विषुववृत्तापासून मोजतात, तो 2,300 किलोमीटरच्या वर. मिलिमीटरमध्ये आणला की 232 कोटींच्या घरात. ऑटोकॅड पंधरा-सोळा अंक नेमके साठवतं, ग्राफिक कार्ड मात्र साधारण सातावर दमतं. मग कमानी दातेरी होतात, अक्षरं थरथरतात, हॅच भिंतीबाहेर सांडतं. यूसीएस, म्हणजे मोजायचा शून्यबिंदू, बदलून काही होत नाही, कारण मूळ आकडे तेच राहतात. सर्व्हेची फाइल तशीच ठेवावी, आणि घराचा प्लॅन वेगळ्या फाइलमध्ये 0,0 जवळ आणून किती सरकवला ते आकडे कोपऱ्यात लिहून ठेवावेत. कोपऱ्यात म्हणजे कोपऱ्यातच. दूर कुठेतरी लिहिलं की झूम एक्स्टेंट केल्यावर घर मुंगीएवढं दिसतं.

‘स्वयंपाकघर’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग आली तर तो सिम्प्लेक्स एसएचएक्स फॉन्टचा प्रताप. त्यात देवनागरी नाहीच. टेक्स्ट स्टाइलला मंगल किंवा निर्मला लावला की काम झालं.

राग आहे तो डेफपॉइंट्स लेयरचा. डायमेन्शन टाकलं की हा लेयर न विचारता हजर होतो. त्यावरचं सगळं स्क्रीनवर स्वच्छ दिसतं आणि प्रिंटला कधीच येत नाही. ड्राफ्ट्समन चालू लेयर न बघता त्यावर कॉलम काढतो, स्क्रीनवर चार वेळा तपासतो, प्लॉट मारतो. हे थांबवायला कॉलमचा वेगळा लेयर आणि प्लॉट प्रिव्ह्यू, एवढंच लागतं. प्रिव्ह्यू बघायला कंटाळणारी मंडळी रीजेन मात्र दर दोन मिनिटांनी मारतात.

पण सगळ्यात जास्त भीती परत त्या तुटक रेघेचीच. वरून जाणारी बीम, माळा, छज्जा हे सगळं प्लॅनमध्ये तुटक असतं. साइटवर प्लॅन जातो तो व्हॉट्सअॅपवरच्या पीडीएफने, मोबाइलच्या चार बोटं रुंद पडद्यावर. तिथे 3 मिलिमीटरचे तुकडे पुन्हा एकमेकांना चिकटतात आणि माळ्याची कड सलग होते. मिस्त्री चुन्याने आखणी करतो, आणि 4 इंची विटांचा पहिला थर लागलेला असतो तेव्हा फोन येतो: ‘का रे भो, किचनमध्ये ही भिंत कशाची?’