चाळीस बाय पन्नासचा बॅनर आणि एक जादा पान

जयसिंगपूरला माझ्या मामांचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, कुस्तीचं मैदान, उरूस, काहीही असो. रात्री नऊला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो आणि सकाळी सातला चौकात फलक झळकतो. कॉलेजच्या सुट्टीत मी तिथे बसून फ्लेक्सच्या कडेला दोरी ओवायच्या रिंगा मारल्या आहेत, ताज्या शाईच्या उग्र वासाने डोकं धरून घरी गेले आहे. म्हणून लग्नानंतर अमेरिकेत, फीनिक्सला आल्यावर मोठ्या छपाईच्या एका छोट्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा वाटलं, हे तर आपलंच काम. छापायचं, गुंडाळायचं, नेऊन लावायचं.

मला मशीनजवळ कुणी फिरकूसुद्धा दिलं नाही. माझ्याकडे परवान्यांचं टेबल आलं.

२०२२च्या दिवाळीनंतरची गोष्ट. अमेरिकन फुटबॉलचा सर्वात मोठा सामना, म्हणजे सुपर बोल, १२ फेब्रुवारी २०२३ला आमच्या शेजारच्या ग्लेंडेल शहरात होणार होता. स्टेडियम तिकडे, पण आठवडाभराची जत्रा फीनिक्सच्या डाउनटाउनमध्ये: कन्व्हेन्शन सेंटरमध्ये एक, हॅन्स पार्कात एक. शिवाय त्याच आठवड्यात स्कॉट्सडेलला गोल्फची मोठी स्पर्धा. पाहुणे लोटणार हे नक्की होतं, आणि डाउनटाउनमधल्या प्रत्येक उघड्या भिंतीला एकदम किंमत आली.

आमच्याकडे आला तो गिऱ्हाईक काही मोठा नव्हता. पाच मजली जुनी विटांची इमारत, तळमजल्यावर त्याचंच टाकोचं हॉटेल, आणि घरच्या मिरचीच्या सॉसच्या बाटल्या तो दुकानांत विकतो. बाजूच्या कोऱ्या भिंतीवर चाळीस फूट रुंद, पन्नास फूट उंच एवढी सॉसची बाटली हवी होती. कागदावर त्याने स्वतःच चित्र काढून आणलं होतं. बाटलीशेजारी फुटबॉल आणि वर ठळक अक्षरांत 'सुपर बोल'.

मी ते दोन शब्द पेनाने खोडले. हे नाव हा सामना भरवणाऱ्या फुटबॉल लीगचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे आणि लीग त्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा देते. म्हणून इथले किराणावाले, टीव्हीवाले, पिझ्झावाले सगळे त्या आठवड्यात 'बिग गेम' म्हणतात. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या आमच्या पणजीची मला दरवर्षी आठवण होते. गिऱ्हाईक हिरमुसला, पण ऐकलं त्याने.

पहिला कागद इमारतमालकाच्या संमतीचा. सोपा वाटला आणि तिथेच दोन आठवडे गेले. इमारत त्याच्या नावावर नव्हतीच, भावाबरोबर काढलेल्या एका कंपनीच्या नावावर होती आणि सही करायचा अधिकार भावाला. भाऊ टुसॉनला, फोन उचलेना. शेवटी आईमार्फत निरोप गेला. इथेही तसंच चालतं हे पाहून बरं वाटलं.

दुसरा कागद इंजिनिअरचा, आणि त्यात माझा खरा वेळ गेला. एवढा मोठा बॅनर साध्या फ्लेक्सचा करत नाहीत, जाळीदार कापडाचा करतात, म्हणजे वारा आरपार जातो. दोन हजार चौरस फूट जाळीचं वजन भरतं पंचावन्न-साठ किलो. वजनाची काळजी कुणालाच नव्हती, काळजी वाऱ्याची होती. जाळी असली तरी तिचा बराचसा भाग कापडच असतो आणि पन्नास फुटांवरचा झोत म्हणजे शिडाला लागलेला वारा. तो सगळा ओढा शेवटी भिंतीत ठोकलेल्या अँकरवर, म्हणजे खुंट्यांवर येतो. इंजिनिअर साठीचे गृहस्थ, कमी बोलणारे. त्यांनी आधी हिशोब कागदावर केला, मग म्हणाले, भिंत बघायची आहे.

दोरांवर लटकणाऱ्या झुल्यावरून ते आणि आमचा बॅनर लावणारा माणूस वर गेले. मी खाली हेल्मेट घालून. जुन्या विटेत थेट भोक पाडत नाहीत. वीट तडकली तर परत मिळत नाही, म्हणून विटांमधल्या दरजांमध्ये पाडतात, नंतर त्या बुजवता येतात. चाचणीसाठी चार ठिकाणी अँकर ठोकले आणि एका यंत्राने ओढून पाहिले. तीन हलले नाहीत. चौथा, चौथ्या मजल्याच्या पातळीवरचा, अगदी हळूच, भाकरीतून काडी निघावी तसा बाहेर आला. मागोमाग पिठासारखी भुकटी खाली आली, माझ्या बुटांवर. कधीतरी छपराचं पाणी तिथून मुरत असणार. इंजिनिअरनी आवाज न करता नकाशावर ती रांग खोडली, दोन रांगा वर नवी काढली आणि अँकरमधलं अंतर कमी केलं. एवढ्या कामाचं बिल पाहून गिऱ्हाईक म्हणाला, बॅनर स्वस्त पडला असता. मलाही आतून तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

पुढे १३ मे २०२४ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं, सतरा माणसं गेली. १२० बाय १२० फुटांचं ते धूड होतं, मुंबई महापालिकेची मर्यादा चाळीस बाय चाळीसची. फोनवर ती दृश्यं पाहताना माझ्या डोळ्यांपुढे बुटांवरची ती भुकटी आली. बिलाबद्दल मी परत कधी कुरकुर केली नाही.

खिडक्यांचाही एक कागद होता. पण आमच्या भिंतीला दोनच खिडक्या, त्याही जिन्याच्या, त्यांच्याभोवती बॅनर कापून घेतला आणि विषय संपला.

आता ते जादा पान.

ऑक्टोबर २०२२मध्ये फीनिक्सच्या नगर परिषदेने एक ठराव केला होता. डाउनटाउनचा जवळपास दोन चौरस मैलांचा भाग १५ जानेवारी ते १९ फेब्रुवारी या काळात 'विशेष' क्षेत्र. त्या भागात तात्पुरता फलक लावायचा तर शहराचा परवाना हवाच, पण त्याआधी फुटबॉल लीगची किंवा सामन्याच्या यजमान समितीची मंजुरी हवी, आणि तिच्यासाठीच ते जादा पान. म्हणजे खाजगी मंडळींची. भिंत तुमची, पैसा तुमचा, इंजिनिअरचा शिक्का तुमचा. आणि बाटलीवर कुठलं नाव असावं ते तिसराच कुणीतरी बघणार.

यामागचं कारण मला पाठ होतं, कारण ते आपल्याकडे लहानपणी घराघरांत टीव्हीवर दिसलं होतं. १९९६च्या विश्वचषकात कोका-कोला अधिकृत प्रायोजक होती आणि पेप्सीने 'नथिंग ऑफिशियल अबाउट इट' म्हणत सगळी मजा लुटली. अधिकृत कंपनी पैसे मोजते, दुसरी बाहेरच्या भिंतीवर फुकटात मिरवते. प्रायोजकाला राग येणारच. म्हणून यजमानपद मागतानाच शहरं शब्द देऊन बसतात की आसपासचा परिसर आम्ही 'स्वच्छ' ठेवू. स्वच्छ म्हणजे झाडलोट नव्हे, स्पर्धक कंपन्यांची नावं नसलेला.

आमच्या सॉसवाल्याची स्पर्धा कुणाशी होती, देव जाणे. तरी आमच्या मालकांनी सांगितलं की ते पान भरून पाठवण्यात अर्थ नाही, उगाच चित्र त्यांच्या हातात जाईल, बघू जानेवारीत. मला वाटलं होतं पाठवावं. पण मालक ते मालक. फाइल माझ्या टेबलावर राहिली, वर एक कोरं पान.

फोनवर मामांना हे सांगितलं. ते हसायलाच लागले.

"काय गं, म्हंजे भिताड धरंल का न्हाई ते इचारत्यात, आन् वर फोटू कुणाचा त्येबी इचारत्यात?"

"हो ना मामा."

"आमच्याकडं दोन्ही इचारत न्हाईत. चौकात खांब मोकळा हाय का, एवढंच बघायचं."

मामा चेष्टेत बोलले, पण माझ्या डोक्यात ते दोन प्रश्न वेगळे झाले ते तेव्हा. पहिला शहराने विचारलाच पाहिजे, खालून माणसं चालतात. दुसरा विचारायचा त्याला काय अधिकार?

आणि हे मला एकटीलाच वाटत होतं असं नाही. आम्ही राहतो चँडलरला, इथे इंटेलच्या कारखान्यांमुळे आपली पुष्कळ मराठी मंडळी आहेत. शेजारचं गाव गिल्बर्ट. तिथल्या एका लहानशा चर्चने रविवारच्या प्रार्थनेची दिशा दाखवणाऱ्या पाट्या लावल्या होत्या आणि गावाच्या नियमात राजकीय पाट्यांना मोठा आकार, जास्त दिवस. या पाट्यांना छोटा आकार, थोडे तास. ते प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१५मध्ये सगळ्या नऊ न्यायाधीशांनी चर्चच्या बाजूने निकाल दिला. पाटीवर काय लिहिलंय ते वाचून नियम बदलत असेल तर सरकारला फार भक्कम कारण द्यावं लागेल, असा त्याचा सारांश. मी रोज त्या गावातून गाडीने जाते, भाजी तिथूनच आणते, आणि हे मला परवान्यांच्या टेबलावर बसल्यावर कळलं!

जानेवारीत डाउनटाउनमध्ये मालमत्ता असलेला एक जण याच ठरावाविरुद्ध कोर्टात गेल्याची बातमी आली. त्याला आपल्या जागेवर कोका-कोलाची जाहिरात लावायची होती, आणि लीगचं शीतपेय पेप्सी. शहाण्णवच्या अगदी उलट जोडी. मी ही बातमी मालकांच्या टेबलावर छापून ठेवली, काही न बोलता.

२ फेब्रुवारीला निकाल आला. ठराव घटनाबाह्य. शहराला आपला अधिकार असा खाजगी संस्थेच्या हाती देता येणार नाही, आणि त्या माणसाच्या अर्जावर अठ्ठेचाळीस तासांत निर्णय द्या. गुरुवार होता. आमची फाइल त्या दाव्यात कुठेच नव्हती, पण कोरं पान आता कशाचंच राहिलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी लाइट रेलने सिटी हॉलला गेले. ऑनलाइन भरता येतं, पण अशा दिवशी माणसाच्या तोंडून ऐकलेलं बरं. खिडकीपलीकडच्या बाईंनी संमतीपत्र पाहिलं, इंजिनिअरचा शिक्का पाहिला, अँकरच्या नकाशावर बोट ठेवून विचारलं, "ही रांग का खोडली?" मी भुकटीची गोष्ट सांगितली. त्यांनी मान डोलावली. मग ते कोरं पान उचलून बाजूला ठेवलं आणि काचेखालून माझ्याकडे परत सरकवलं. बाटलीच्या चित्राकडे त्यांनी पाहिलं ते एवढंच विचारायला, की याला रात्री दिवे लावणार आहात का? नाही म्हटलं.

परवाना हातात आला मंगळवारी. सामना रविवारी. छपाई आधीच करून ठेवा, असं मी सोमवारी मालकांना पटवलं होतं. परवाना फिसकटला असता तर ती जाळी माझ्या पगारातून गेली असती, असं ते अर्धं गमतीत म्हणाले. बुधवारी पहाटे पाचला पट्ट्या वर चढवायला सुरुवात झाली. फेब्रुवारीत इथे पहाटे बोटं आखडतात. वारा पडलेला हवा म्हणून ती वेळ. खालून दोघं दोर धरून, वर दोघं झुल्यावर, रिंगेतून दोरी, दोरीतून अँकर, वरून खाली. साडेनऊला शेवटची गाठ बसली. रस्त्यापलीकडे उभा राहून गिऱ्हाईक बराच वेळ नुसता बघत होता, मग म्हणाला, बाटलीचं झाकण जरा जास्तच लाल झालंय. झालं होतं खरं.

सामना कॅन्सस सिटीने ३८-३५ने जिंकला. आम्ही घरी मिसळ करून पाहिला, मला अजूनही त्यातलं फार कळत नाही. सॉस किती खपला ते त्याने सांगितलं नाही, पण पुढच्या वर्षीच्या कामाला तो पुन्हा आमच्याकडेच आला.

१९ तारखेच्या आत बॅनर उतरवला, भोकं बुजवली, इंजिनिअर येऊन दरजांवर अंगठा दाबून गेले. एवढी जाळी फेकायची जिवावर आली. सगळ्यांनी तुकडे वाटून घेतले. फीनिक्सच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पार जातो आणि माझा कढीपत्ता दरवर्षी करपायचा. आता मे ते सप्टेंबर त्याच्यावर मांडव असतो, आठ बाय सहाचा. कोपऱ्याला मी स्वतः रिंगा मारल्या. ते जास्त लाल झालेलं झाकण बरोबर कुंडीच्या वर येतं.