अजून एक आटा, आणि आमच्या घरात पानशेत

आधीच सांगते, चूक माझीच होती. फ्लश टँकच्या खालचा अँगल कॉक, म्हणजे टँकला पाणी सोडणारा भिंतीतला छोटा नळ, दोन दिवसांपासून थेंब थेंब गळत होता, खाली आइस्क्रीमचा रिकामा डबा ठेवला होता, डबा भरला की ओतायचा, संपलं. मस्त चाललं होतं. पण रविवारी सकाळी चहा झाल्यावर मला काय हुक्की आली देवजाणे, नवऱ्याच्या खोक्यातून पान्हा काढला आणि म्हटलं जरा आवळून बघू. एक आटा बसला, गळणं कमी झालं. मग वाटलं अजून एक आटा. आणि मग कट् असा एक बारीक आवाज आला, अख्खा कॉक माझ्या हातात आणि भिंतीतून पाण्याची धार थेट समोरच्या दारावर.

बिल्डिंग जुनी, त्यामुळे भिंतीतले पाइप जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे, आणि कॉक पितळी. इतक्या वर्षांत पितळ आतून ठिसूळ होतं, मान तेवढी भिंतीतल्या एल्बोमध्ये (पाइपाच्या वळणावरच्या जोडात) अडकून राहते आणि बाकीचा कॉक तुटून हातात येतो. हे ज्ञान अर्थात नंतरचं. त्या क्षणी मी काय केलं तर अंगठा लावला. तुम्हीही तेच कराल, सगळे तेच करतात. आमचा मजला तिसरा, वर चौथा, त्याच्यावर गच्चीतली टाकी, म्हणजे आमच्या भोकापासून पाण्याची पातळी साधारण सात मीटर वर. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आसपास असतो, आणि अर्ध्या इंची पाइपाचं तोंड जेमतेम पावणेदोन चौरस सेंटिमीटर, म्हणजे माझ्या अंगठ्यावर सव्वा किलो सुद्धा नव्हतं धड (हा हिशोब संध्याकाळी नवऱ्याने फोनवर करून दाखवला, तो चेन्नईत कोरड्या हॉटेलात बसला होता, त्याला सुचतं असलं). सव्वा किलो म्हणजे काहीच नाही ना? मग धरून बघा पाच मिनिटं. शिवाय अंगठ्याच्या कडेने जे पाणी फवारतं ते उघड्या धारेपेक्षा वाईट, ते छतावर जातं, बल्बवर जातं, गिझरच्या स्विचवर जातं.

तो गिझरचा स्विच दिसला आणि तेव्हा डोकं चालू झालं. चिरंजीवांना हाक मारली की पॅसेजमधल्या डब्यातले बाथरूमचे आणि गिझरचे दोन्ही एमसीबी (वीज तोडणारे खटके) खाली पाड, हात कोरडे आहेत का बघ आधी, चप्पल घाल. दहा वर्षांचा आहे, पण ते काम त्याने एका हाकेत केलं, एरवी पाण्याची बाटली भरायला सात हाका लागतात. पाणी कुठेही फुटलं तरी लाइट आधी, हे माझं मत आता पक्कं झालंय. आणि गिझर तर बंदच, कारण नंतर पाणी बंद होणार आहे आणि रिकामा गिझर तापला तर कॉइल गेली म्हणून समजा.

मग अंगठा सोडून मी धावले ते किचनमध्ये. सिंकखालचा कॉक बंद केला. परत आले तर धार तशीच. मग आठवलं, आमच्याकडे पुण्यातल्या बऱ्याच जुन्या सोसायट्यांसारख्या दोन लाइनी आहेत, किचनला थेट कॉर्पोरेशनचं पाणी आणि संडास-बाथरूमला गच्चीच्या टाकीचं. या घरात बारा वर्षं राहतेय मी! पाण्याची वेळ तोंडपाठ, कुठल्या दिवशी टँकर येतो ते पाठ, आणि पाणी बंद कुठून करायचं ते माहीत नाही.

बाथरूमचा मेन कॉक गिझरच्या मागे वर सापडला, लाल चक्रीवाला गेट व्हॉल, त्याच्यावर दोन वेळच्या रंगकामाचा ऑइलपेंट. स्टुलावर चढून फिरवला. फिरत नव्हता, मग फिरला, मग फिरतच राहिला. म्हणजे चक्री गोल गोल फिरतेय आणि खाली पाण्याला पत्ताच नाही. आतली चकती दांड्यापासून सुटलेली. हे गेट व्हॉल वर्षानुवर्षं हलवले नाहीत की गंजून असेच होतात, अधूनमधून बंद-चालू करत राहायला हवेत, आणि एकदम जोर तर लावायचाच नाही, थोडं पुढे थोडं मागे करत सोडवायचे. मी काय केलं असेल ते तुम्हाला कळलंच. एका सकाळी दोन कॉक. हल्लीचे जे एक दांडीवाले बॉल व्हॉल असतात ते बरे, दांडी पाइपाच्या रेषेत असली की चालू, आडवी केली की बंद, डोकं लागत नाही.

तोपर्यंत पाणी बाथरूमचा उंबरा ओलांडून पॅसेजमध्ये. बादली लावून बघितली होती, सोळा लिटरची बादली पाऊण मिनिटात भरत होती, म्हणजे बादल्यांनी काही होणार नव्हतं.

आणि इथे आमच्या सासूबाई रंगमंचावर. आई मूळच्या नारायण पेठेतल्या. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. आमच्या घरात कुठेही कपभर पाणी सांडलं तरी पानशेतचा विषय निघतो, त्यामुळे मी खरं सांगायचं तर कान बंद करून घेतले होते. पण आईंनी बाथरूमकडे एकदा बघितलं आणि हॉलमध्ये निघून गेल्या. मला इतका राग आला! मी इथे भिजतेय आणि या तिकडे काय करतायत? तर त्या आणि नातू मिळून दिवाणाखालचं वर्षाचं गव्हाचं पोतं ओढून दिवाणावर चढवत होत्या. मग जमिनीवरची सगळी वह्या-पुस्तकं. दुसऱ्या दिवशी शाळा सुरू होणार, आदल्या रात्री बसून खाकी कव्हरं घातली होती आणि नावाची लेबलं वाळायला म्हणून सगळं फरशीवर मांडून ठेवलं होतं. ते सुचलं नसतं मला. मी भोकाकडे बघत होते, त्या पाणी जिथे जाणार होतं तिकडे बघत होत्या. मग सतरंजी भिजवून तिची वळकटी हॉलच्या दारात आडवी लावली आणि वर पाय देऊन दाबली. कोरडी लावली तर तरंगते, म्हणाल्या, भिजवूनच लावायची.

मी नवऱ्याला फोन लावला, तो म्हणाला एम-सील लाव, ती गळती बुजवायची लांबी. वाहत्या पाण्यात, ओल्या हातांनी, घाईत, अर्धवट मळून मी ते लावलं आणि तो गोळा धारेबरोबर सरळ नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे बाथरूमच्या मोरीच्या भोकात, गेला. एम-सीलला दोन्ही भाग सारखे मळून कोरड्या जागेवर लावायचं असतं आणि मग तासभर थांबायचं असतं. धारेच्या तोंडावर नाही. त्यापेक्षा दोन गोष्टींचा उपयोग झाला. एक म्हणजे टाकीच्या लाइनीवरचे बाकीचे सगळे नळ पूर्ण उघडले, बेसिनचा, शॉवरचा, खालचा. ऐकायला वेडेपणा वाटतो, घरात पूर आलाय आणि ही नळ सोडतेय, पण पाणी वाटलं जातं, भोकातली धार निम्मी झाली आणि नळांचं पाणी गुपचूप ट्रॅपमध्ये जात होतं. दुसरी म्हणजे जुन्या ओढणीचं एक टोक भोकाभोवती बांधलं आणि दुसरं ट्रॅपवर सोडलं. धार थांबली नाही पण शहाण्यासारखी ओढणीवरून उतरायला लागली, फवारणं बंद झालं.

मग आई आल्या आणि हातात गाजर. कोशिंबिरीचं. म्हणाल्या, “अगं, हे बसतंय का बघ.” मी हसणार होते पण हसायची ताकद नव्हती. निमुळतं टोक आत घालून पिळत पिळत दाबलं, आणि बसलं की हो! गाजर ओलं, थोडं मऊ, तुटलेल्या पितळेच्या धारदार कडा त्यात रुतल्या, आता फक्त कडेने झिरपत होतं. लाकडाची खुंटी तासून मारतात म्हणे जुने लोक, पण खुंटी तासणार कोण आणि कशाने. फक्त गाजर हाताने धरून ठेवावं लागत होतं नाहीतर बुचासारखं उडालं असतं. आई पाटावर बसल्या, तळहात गाजरावर, आणि म्हणाल्या, “जा आता, वरून बंद करून ये.”

खाली वॉचमनकाकांना घेतलं, जाताना दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची बेल वाजवून सांगितलं की तुमच्या बाथरूमचं छत गळेल, बादल्या लावा. हे आवर्जून करा, लोकांना छत गळण्याचा राग येतो त्याहून जास्त आधी न सांगितल्याचा येतो. गच्चीवर गेलो तर टाकीतून आठ पाइप खाली उतरतायत, आठ व्हॉल, आणि कधीकाळी रंगाने लिहिलेले नंबर उन्हापावसाने धुऊन गेलेले. मी म्हटलं सगळेच बंद करू. काका म्हणाले, थांबा ताई. त्यांनी एकेका पाइपावर हात ठेवला, दोन ठिकाणी कान लावला, आणि पाचव्या पाइपाजवळ थांबून म्हणाले हा. पाणी जोरात वाहत असलं की पाइप हाताला थरथरतो. मला हात लावायला लावला, खरंच, मांजर गुरगुरतं तसा. चार-पाच वेढ्यांत व्हॉल बंद झाला. हा माणूस इथे सतरा वर्षं आहे आणि मीटिंगमध्ये त्याचा पगार वाढवायचा विषय निघाला की लोकांना तातडीची कामं आठवतात, ते जाऊ दे.

खाली आले तरी झिरपणं चालूच होतं. घाबरू नका, वरच्या पाइपात अडकलेलं पाणी उतरत असतं, दोन-तीन मिनिटांत थांबलं. आईंनी गाजरावरचा हात काढला तर पंजा पांढराफटक आणि सुरकुतलेला.

तोपर्यंत ग्रुपवर सुरू झालं होतं. पाणी का गेलं, कोणी बंद केलं, नोटीस का नाही, चौथ्या मजल्यावरचे एक काका अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत टाइप करत होते. मी फक्त तुटलेल्या कॉकचा फोटो टाकला आणि लिहिलं दुपारपर्यंत. तुमच्यामुळे चार घरांचं पाणी जाणार असेल तर फोटो टाका, फोटोशी कोणी वाद घालत नाही.

पाणी काढायला सगळ्यात भारी काय निघालं माहितीये? सुपली. प्लॅस्टिकची, कचरा भरायची. पोतेऱ्याने पिळत बसलो असतो तर संध्याकाळ झाली असती, सुपलीने पाणी उचलून बादलीत टाकायचं, उरलेलं वायपरने बाल्कनीच्या भोकाकडे. काढलेल्या पाण्याच्या सहा बादल्या तशाच ठेवल्या, दिवसभर संडासाला त्याच वापरल्या.

आता प्लंबर. आमचा नेहमीचा प्लंबर ओडिशाचा, केंद्रापाडा जिल्ह्यातला. तिथल्या पट्टामुंडई भागातले प्लंबर देशभर कामं करतात, तिथे प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाच आहे. आणि जूनच्या मध्यात त्यांच्याकडे रज नावाचा सण असतो, तीन दिवस, मुली झोपाळ्यावर बसतात, जमिनीला नांगर लावत नाहीत. साहजिकच हा गावाला. त्याने फोनवरच त्याचा एक भाऊबंद पाठवला, तो अकरा वाजता आला. त्याने भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “ये गाजर किसने डाला?” मी आईंकडे बोट दाखवलं. त्याने मान डोलावली, मला वाटतं आदराने.

काम बघण्यासारखं होतं. गाजर ओढलं, अर्धं आत तुटलं, तेवढा भाग स्क्रूड्रायव्हरने टोकरून काढला. मग नुसतं हॅक्सॉचं (लोखंड कापायच्या करवतीचं) पातं हातात धरून अडकलेल्या पितळी मानेला आतून दोन काप दिले, एल्बोच्या आट्यांना धक्का न लावता, आणि छिन्नीने टोचून ती मान आतल्या बाजूला दुमडून बाहेर काढली. घाई केली असती आणि एल्बोचे आटे गेले असते तर टाइल्स फोडाव्या लागल्या असत्या. म्हणून सांगते, तुटलेला तुकडा आपण पक्कडीने ओढायच्या फंदात पडायचं नाही, पाणी बंद करायचं आणि गप्प बसायचं. नवीन कॉकला टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळली, मी विचारलं तर म्हणाला उलटी गुंडाळली तर बसवताना उलगडते. गिझरमागचा व्हॉल बदलून बॉल व्हॉल लावला. मजुरी आणि सामान मिळून अठराशे.

संध्याकाळी मी आणि वॉचमनकाका परत गच्चीवर गेलो. आठही पाइपांवर पत्र्याच्या पट्ट्या तारेने बांधल्या, खिळ्याने ठोकून नंबर काढले, रंग नको म्हटलं यावेळी. काका कुठला कोणाचा ते सांगत होते आणि मी लिहीत होते. सातवा कोणाचाच नाही, तो म्हणे पहिल्या बिल्डरने सोडलेला आहे.

पुस्तकं वाचली सगळी, एक चित्रकलेची वही सोडून. सतरंजी पावसामुळे चार दिवस वाळली नाही आणि घरभर वास. गव्हाचं पोतं अजून दिवाणावरच आहे, आम्ही तिघं टीव्ही बघायला खुर्च्यांवर बसतो. नवरा चेन्नईहून आल्यावर खाली ठेवायला गेला तर आई म्हणाल्या, असू दे रे, अजून जुलै जायचाय.